दुसऱ्या टेबलातली माणसं

"ही माणसं आमची नाहीत," सरंजामे म्हणाले आणि माझा कागद त्यांनी एका बोटानं माझ्याकडे परत सरकवला.

"आमची नाहीत म्हणजे? रोज तुमच्याच गेटमधून आत येतात."

"गेटमधून कुत्रंही येतं, मॅडम. म्हणून त्याला कोणी पगारावर घेत नाही."

खोलीत आम्ही तिघं होतो. दिवाकर सरंजामे हे कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर. त्यांच्या शेजारी इब्राहिम मुकादम, सुरक्षा अधिकारी, खेडकडचे, अंगानं भारदस्त. आणि समोर मी, शर्मिला तांडेल, पुण्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतून आलेली. कारखाना कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीत होता, कापडाच्या रंगांसाठी लागणारी रसायनं बनवायचा. काम साधं होतं. प्रत्येकाला कार्ड द्यायचं, गेटवर ते दाखवून आत यायचं, दाखवून बाहेर जायचं. आणि कधी अपघात झालाच, तर मैदानावरच्या पडद्यावर एक आकडा दिसायला हवा होता, आत किती माणसं उरली आहेत त्याचा. हा आकडा मुकादमांनी मागितला होता. बाकीची सगळी सिस्टीम त्या आकड्यासाठीच आहे, असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

"साहेब, वायू सुटला तर तो विचारत नाही कायम की कंत्राटी," मुकादम म्हणाले.

"वायू विचारत नाही, वकील विचारतो," सरंजामे म्हणाले. "उद्या ह्यांच्या मशीनचा प्रिंट घेऊन कोणी कोर्टात उभा राहिला, की बघा, ही बाई पाच वर्षं कंपनीच्या टेबलात आहे, हिला कायम करा. मग काय सांगायचं? कंत्राटी माणसांचं नाव कंपनीच्या टेबलात दिसता कामा नये. संपला विषय."

टेबल म्हणजे कॉम्प्युटरच्या आत आखलेला तक्ता, ओळी आणि रकाने. मी सगळ्यांसाठी एकच टेबल केलं होतं. तेच कागदावर आखून त्यांना दाखवायला नेलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात मुकादमांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हणाले, "खाडीपलीकडची ना तू? मग जरा वल्हं सांभाळून मार. त्याला टेबलं दोन हवीत, तर दोन दे. मला आकडा एक हवा. जमतं का असं?"

"जमतं," मी म्हणाले.

आणि जमलं. गेटच्या टेबलात फक्त कार्डाचा नंबर आणि आत-बाहेरची वेळ. नाव, गाव, कामाची जागा हे सगळं दुसरीकडे. माणूस कायम असेल तर कंपनीच्या टेबलात, कंत्राटी असेल तर कंत्राटदाराच्या. पण प्रोग्रॅममध्ये मी साचा एकच ठेवला. असल्या साच्याला क्लास म्हणतात. त्याचं नावच मी 'माणूस' ठेवलं. प्रोग्रॅम प्रत्येक माणसाचे दोन तुकडे, गेटवरचा आणि नावाचा, जोडायचा आणि सगळ्यांना सारखं मोजायचा. सरंजामेंना त्यांची दोन टेबलं मिळाली, मुकादमांना त्यांचा एक आकडा मिळाला. रंगीत तालीम झाली, सायरन वाजला, सगळे मैदानावर जमले आणि पडद्यावरचा आकडा खाली येत येत शून्य झाला. मुकादमांनी मला कँटीनमध्ये नेऊन कोलंबीचं कालवण खाऊ घातलं.

वर्षभरानं, फेब्रुवारीत, मी देखभालीसाठी परत गेले. सकाळीच मला दिसलं की पडद्यावरचा आकडा कमी येतोय. गेट नंबर दोनमधून कंत्राटी माणसं माझ्या डोळ्यांसमोर आत जात होती आणि आकडा हलत नव्हता. प्रोग्रॅम उघडून बघितला. कोणीतरी पडद्याचं काम माझ्या साच्यातून काढून थेट कंपनीच्या टेबलाला जोडलं होतं. कंत्राटदाराच्या टेबलावर पासवर्ड होता, आणि तो मला दिलेल्या पासवर्डांत नव्हता.

मी पुण्याला फोन लावला. प्रसन्न लेले माझा साहेब होता आणि कंपनीचा मालकही.

"अगं हो, सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "फॅक्टरी इन्स्पेक्टर आला होता तिथं. त्यानं पडद्यावरचा आकडा बघितला आणि विचारलं, कागदावर इतके कामगार आणि आत एवढे जास्त कसे? सरंजामे घाबरले. म्हणाले, आमचीच माणसं दाखवा फक्त. अर्ध्या तासाचं काम होतं, इथूनच करून दिलं. दुसऱ्या टेबलाचा पासवर्ड त्यांनी स्वतःकडेच ठेवलाय."

"मुकादमांना सांगितलं?"

"ते कंपनीनं बघायचं, शर्मिला. क्लायंटला हवं ते द्यायचं."

मी तशीच मुकादमांकडे गेले. ते अग्निशामक सिलिंडर तपासत होते. ऐकून ते सावकाश उठले. माणूस कधी आवाज चढवणारा नव्हता, पण त्यांच्या कपाळावरची शीर उठलेली मी पाहिली.

"वर्षभर मी त्या पडद्याकडे बघून झोपतोय," ते म्हणाले. "जेवण झालं की दोघं जाऊ त्याच्याकडे. आज मी पाय लावणार नाही तुला. बोल तुला काय बोलायचं ते."

जेवण झालंच नाही.

सुट्टीची वेळ होती. कायम कामगार कँटीनमध्ये होते. कंत्राटी माणसांना कँटीन नव्हतं. त्यांची सुट्टी तासांतून कापली जायची, म्हणून त्यांनी कार्ड दाखवून बाहेर जायचं आणि रस्त्याकडेच्या झाडांखाली डबे सोडायचे. सायरन वाजला तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं तालीम आहे. मग प्लांटच्या वरच्या मजल्यातून तपकिरी धूर बाहेर आला, आणि घशात सुया टोचल्यासारखं झालं. एका पाइपाचा जोड फुटला होता.

सगळे मैदानाकडे धावले. तिथं वाऱ्याची दिशा उलटी होती, श्वास घेता येत होता. पडद्यावरचा आकडा भराभर उतरला. शून्य झाला. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

मुकादम पडद्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"कंत्राटी?"

"यात नाहीत."

त्यांनी गेट नंबर दोनकडे पाहिलं. झाडांखाली कोणी नव्हतं. धूर बघून ती माणसं डबे टाकून हायवेकडे पळाली होती. त्यांचा सुपरवायझर कुठं दिसेना. आत कोणी राहिलं असेल, तर ते सांगणारं माणूस त्या मैदानावर नव्हतं.

"किती आहेत कळेल?"

"दुसरं टेबल उघडलं की लगेच. पासवर्ड सरंजामेंकडे आहे."

"मग पळ," ते म्हणाले. तोपर्यंत त्यांनी पाठीवर हवेचा सिलिंडर चढवला होता. "मी वर बघून येतो. तू आकडा घेऊन ये."

सरंजामे ऑफिसातच होते. खिडक्या लावून, टेबलामागे उभे, हातात फोन.

"पासवर्ड द्या," मी म्हणाले. "कंत्राटी टेबलाचा."

"थांबा. मी एमडींना लावतोय."

"कशाला?"

"ते टेबल उघडलं की त्याची नोंद होते. उद्या मला विचारतील कोणाच्या परवानगीनं उघडलं."

"मुकादमसाहेब आत गेलेत! किती माणसं आहेत ते माहीत नसताना गेलेत!"

"ओरडू नका. पडद्यावर शून्य आहे. मी स्वतः बघितलंय."

"तो शून्य तुमचा आहे!"

फोनवर कोणीतरी बोललं. सरंजामेंचा आवाज एकदम मऊ झाला. "हो, हो. मीटिंगमध्ये आहेत का? नाही, तातडीचं म्हणजे तसं... हो, थांबतो."

थांबतो. हा शब्द माझ्या कानांत आजही तसाच आहे. मी त्यांच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला आणि फोनवर आदळला. त्याचा तुकडा उडून त्यांच्या शर्टाला लागला. आयुष्यात मी कोणाच्या अंगावर अशी गेले नव्हते. मी त्यांची कॉलर धरली होती की नाही, मला आठवत नाही. ते नंतर म्हणाले की धरली होती. धरली असेल तर बरंच झालं.

ते खुर्चीत बसले आणि कीबोर्ड जवळ ओढला. पासवर्ड मला सांगितला नाही. स्वतः टाइप करू लागले. आणि उजव्या हातानं टाइप करताना डावा हात त्यांनी कीबोर्डवर आडवा धरला, मला दिसू नये म्हणून. एकदा चुकलं. पुन्हा हात आडवा धरून पुन्हा टाइप केलं.

टेबल उघडलं. मी माझा मूळचा प्रोग्रॅम चालवला. बाकी सगळे कंत्राटी कामगार जेवायला बाहेर गेलेले दिसत होते. आत फक्त एक नाव होतं. बबिता सोनू गमरे.

"एकच आहे," मी म्हणाले. "बघा. एकच बाई आहे."

सरंजामेंनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. मान हलवली. मी पळाले.

मैदानावर पोचले तेव्हा ती बाई गवतावर होती. दोघं जण तिच्या तोंडावर ओला टॉवेल धरून बसले होते. तिचे डोळे उघडे होते, छाती भात्यासारखी हलत होती. मला इतकं हायसं वाटलं की मी हसलेसुद्धा.

"मुकादमसाहेब कुठायत?"

"परत गेले."

"कशाला?"

"हिला दारापर्यंत आणून आमच्या हातात दिली आणि परत गेले. आणखी कोणी आहे का बघायला."

मी प्लांटकडे धावले. दोघांनी मला कमरेला धरून थांबवलं. तिथूनच मी ओरडत राहिले. "साहेब, आत कोणी नाही! एकच होती! आत कोणी नाही, बाहेर या!" धुरातून एक शिट्टी ऐकू येत होती. त्या सिलिंडरमधली हवा संपत आली की तो आपोआप शिट्टी वाजवतो. बारीक, एकसुरी शिट्टी. ती आधी वरच्या मजल्यावर होती. मग खालच्या मजल्यावर आली. मग मागच्या बाजूला गेली, ड्रमच्या गोदामाकडे. तिथं बायकांची कपडे बदलायची जागा होती. त्या जागेची माहिती असणारा दुसरा साहेब त्या कारखान्यात नव्हता.

मग शिट्टी थांबली.

बंबवाल्यांनी त्यांना बाहेर काढलं तेव्हा फार उशीर झाला होता. गोदामात, बायकांच्या साड्या टांगलेल्या दोरीखाली ते सापडले.

कंपनीचा अहवाल महिन्याच्या आत आला. त्यातलं एक वाक्य जुलेखाभाभींनी, म्हणजे मुकादमांच्या पत्नीनं, मला वाचून दाखवलं. मी त्यांच्या घरी बसले होते, ओटीवर. त्यांनी चष्मा लावला आणि शब्दाशब्दावर थांबत वाचलं. "सर्व कर्मचारी सुरक्षित बाहेर आल्याचे पडद्यावर स्पष्ट दिसत असतानाही सुरक्षा अधिकाऱ्याने नियमांचा भंग करून रिकाम्या प्लांटमध्ये प्रवेश केला."

"रिकाम्या प्लांटमध्ये कशाला गेले असतील ते?" त्यांनी मला विचारलं. "गावात लोक विचारतात. आमचा धाकटा दीर म्हणाला, भाईजानचं डोकं फिरलं असेल धुरानं. शर्मिला, तीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांना नियम शिकवले, तो येडा होता काय?"

"नव्हते, भाभी. आत बाई होती."

"मग ते लिहीत का नाहीत?"

बाई होती असं लिहिलं, तर ती पडद्यावर का नव्हती ते लिहावं लागलं असतं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे बबिता गमरे गेटबाहेर धुरानं चक्कर येऊन पडली होती. मुकादमांनी तिला ज्यांच्या हातात दिलं, त्या दोघांनीही नोकरीच्या भीतीनं तसंच लिहून दिलं होतं.

लेलेनं माझ्यापुढे एक पत्र ठेवलं. सिस्टीम ठरल्याप्रमाणे चालली, खाली माझी सही. मी ते फाडून त्याच्या चहाच्या कपात टाकलं. नोकरी तिथंच संपली.

सरकारी चौकशी लागली. मी बबिताच्या वाडीवर गेले. तिचा नवरा, संजय, त्याच वसाहतीत दुसऱ्या कंत्राटदाराकडे कामाला होता. त्यानं मला घराच्या पायरीवरच थांबवलं.

"ताई, तुमी बोलाल नि पुण्याला जाल. आमाला हितंच ऱ्हायचाय."

आतून खोकल्याचा आवाज येत होता. थांबत नव्हता. मी परत आले. रस्ताभर मला त्या माणसाचा राग येत होता, आणि त्याचं काही चुकत नाही हे कळत असल्यामुळे जास्तच येत होता.

चौकशी तालुक्याच्या गावी एका सरकारी हॉलमध्ये होती. जुलेखाभाभी पहिल्या रांगेत, काळ्या बुरख्यात, हात मांडीवर ठेवून. पलीकडे सरंजामे आणि कंपनीचा वकील. मी सगळं सांगितलं. एकच माणूस दोन टेबलांत कसा विभागला होता, तो जोडून कसा मोजायचा, पडद्याचं जोडकाम कोणाच्या सांगण्यावरून तोडलं. चौकशी अधिकारी वयस्क गृहस्थ होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

वकील उठला. "ते दुसरं टेबल आता दाखवू शकाल?"

"नाही. कंपनीनं नवा सर्व्हर घेतला. त्यात ते आणलंच नाही."

"म्हणजे तुम्ही ते नाव कॉम्प्युटरवर पाहिलं, असं तुमचं म्हणणं. आणखी कोणी पाहिलं?"

"सरंजामेंनी."

अधिकाऱ्यांनी सरंजामेंकडे पाहिलं. सरंजामे उभे राहिले, घसा खाकरला. "मला आठवत नाही. मॅडम त्या दिवशी फार चिडलेल्या होत्या. माझी कॉलरसुद्धा धरली होती त्यांनी."

मी पुन्हा उठले, तर अधिकारी म्हणाले, "बसा." तेवढ्यात मागच्या दारात खोकला ऐकू आला.

बबिता गमरे आत आली. पिवळी साडी, हाताला धरून संजय. चार पावलं चालून तिला थांबावं लागत होतं. अधिकाऱ्यांनी खुर्ची द्यायला सांगितलं. ती बसली, बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली.

"मी आत व्हते," ती म्हणाली. "दुसऱ्या दिशी बाहेरचं पावणं येनार व्हते म्हनून मला लादी धुवायला ठेवलेली. जेवायला सोडली नाय. धूर आला नि मी जिन्यात पडले."

"तुम्हाला बाहेर कोणी आणलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मुकादमसायबानी. खांद्यावर घेऊन."

वकील म्हणाला, "हे तुम्हाला आता कोणी शिकवून..."

"मला बोलू द्या," बबिता म्हणाली. आवाज चढवायला गेली आणि खोकला आला. तो ओसरला. मग ती वकिलाकडे न बघता जुलेखाभाभींकडे बघून बोलू लागली. "दारात आनल्यावर त्यांनी मला खाली ठेवलान. मास्क जरा बाजूला केलान नि इचारलानी, आणखी कोन हाय आत? मला बोलवत नव्हता. मी मान हलवली. कोन नाय म्हनून हलवली, भाभी. अशी." तिनं मान हलवून दाखवली. खोकल्यानं तिचं सगळं अंगच हलत होतं. त्यात नाही कुठलं आणि हो कुठलं, ते मलाही कळलं नाही. "ते परत गेले."



तेव्हा मला ते पुरतं कळलं. बाईला बाहेर आणल्यावर त्यांचं काम झालं होतं. एक, एवढा एकच आकडा त्यांना कोणी सांगितला असता, तर ते तिच्याशेजारी गवतावर बसून पाणी प्याले असते. तो आकडा कारखान्यात होता. एक माणूस त्याच्यावर हात आडवा धरून बसला होता.

जुलेखाभाभी उठल्या. मला वाटलं त्या बबिताकडे जातील. त्या सरंजामेंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पहिल्यांदा ते या बाईसाठी गेले," त्या म्हणाल्या. "त्याचं मला काही नाही. ते त्यांचं कामच होतं. दुसऱ्यांदा गेले ते तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून. तुम्हाला आठवत नाही ना? मी आठवण करून द्यायला दर वर्षी येईन. तुमच्या दारात."

सरंजामेंनी मान खाली घातली. वकिलानं त्यांच्या कोपराला स्पर्श केला, तशी पुन्हा वर केली.

चौकशीच्या निकालातून 'रिकाम्या' हा शब्द गेला. मुकादम कामगाराला वाचवताना कर्तव्यावर मरण पावले असं लिहिलं गेलं. जुलेखाभाभींनी त्या ओळीची चौकट करून घरात लावली. कंपनीला दंड झाला, तो तिनं भरला. सरंजामेंची बदली झाली, वरच्या जागेवर. संजयचं काम गेलं. ते दोघं बबिताच्या माहेरी गेले. तिला आता घरामागचा चढ चढता येत नाही.

निकालानंतर काही महिन्यांनी लेलेचा फोन आला. मी तेव्हा दुसरीकडे काम करत होते.

"झालं गेलं सोड," तो म्हणाला. "त्यांच्या गुजरातमधल्या प्लांटला आपलीच सिस्टीम हवीये. तुझ्याइतकी ती कोणाला येत नाही. ये ना परत."

"कशी हवीये त्यांना?"

"आहे तशीच. काही बदल नको म्हणालेत."

मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या टेबलावरची माणसं उठून बाहेर गेली. फोन ठेवला आणि मी गुजरातच्या गाडीचं तिकीट काढलं.

त्या प्लांटच्या सुरक्षा अधिकाऱ्याला मी त्याच्या केबिनमध्ये गाठलं. नुकताच रुजू झालेला, मराठीच, नाशिककडचा गृहस्थ होता. त्यानं खुर्ची पुढे केली.

"लेलेसाहेबांनी पाठवलंय ना तुम्हाला?"

"नाही," मी म्हणाले. "दार लावा आणि बसा. तुमच्या मैदानावर एक पडदा लागणार आहे. त्यावर जो आकडा दिसेल, तो खोटा असेल."